वरून तिसरं भोक

सुरुवातीलाच क्षमा मागून ठेवतो. आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. तात्या, म्हणजे माझा चुलता, लढाईच्या काळात आफ्रिकेतून पत्रं पाठवायचा; तीही पलटणीतल्या दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेली. इकडं ती वाचून दाखवायचे शाळेतले मास्तर. लिहिणारा परका, वाचणारा परका, मधला मजकूर तेवढा आमचा. अशा घरातला मी सांगलीच्या कॉलेजात येऊन दोन वर्षं होत आली, तेवढ्या भांडवलावर लेख लिहायला बसावं हे माझं मलाच अवघड वाटतं. वर्गातली वाईची मुलं लिहितात, घाटाबद्दल, नदीबद्दल. त्यांच्या वाक्यांना एक वळण असतं. मला सांगायचं आहे ते एका लोखंडी पट्टीतल्या सहा भोकांबद्दल. ते कुणाला वाचावंसं वाटेल की नाही, ठाऊक नाही. पण वैशाख लागला की मला दुसरं काही सुचत नाही, आणि गेले वीस-बावीस दिवस गावाकडून पत्र नाही. नुसती वाट बघण्यापेक्षा लिहिलेलं बरं, एवढंच कारण.

खोलीच्या खिडकीतून रस्त्यापलीकडचं काळं रान दिसतं. परवापासून तिथं नांगरट चालली आहे. चार बैल, मागं एक म्हातारा, पुढं एक गडी. ओल्या मातीचा वास सगळ्यांना ठाऊक असतो. उलथलेल्या कोरड्या मातीलाही एक वास असतो, तो कमी लोकांना ठाऊक आहे. भाजक्या हरभऱ्यासारखा, जरा तिखट, आणि त्यात तुटलेल्या हरळीच्या मुळांचा गोडसर हिरवा वास मिसळलेला. तो आला की हातातलं पुस्तक आपोआप मिटतं. माझा खोलीसोबती आटपाडीचा आहे. तो म्हणतो, "सदा, रान दिसलं की तू गेलास बघ. आमच्याकडं नांगर घातला तर फाळ मुरमावर खणखण वाजतोय. आमी असला नाद लावून घेत न्हाई." एवढं बोलून तोही खिडकीशी येऊन उभा राहतो.

आमचं गाव कराडच्या खालच्या अंगाला, नदीपासून कोसभर आत. तिथं आमचं चार एकराचं एक रान आहे, बांधावर मोठी चिंच आहे म्हणून त्याला चिंचेचं रान म्हणतात. जमीन काळी, ऊस येईल अशी, पण हरळीनं भरलेली. हरळीची मुळं जमिनीखाली जाळं विणत जातात; वरवर नांगरून ती मरत नाहीत, उलट तुकडे होऊन चौपट होतात. तिला खोल नांगरून, मुळं वर काढून, वैशाखाच्या उन्हात भाजावी लागते. त्यासाठी मोठा लोखंडी नांगर आणि सहा बैल. घरच्या तीन जोड्या होत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, रुमण्यावर, नांगराच्या मुठीवर. मी आणि एखादा गडी बैलांपाशी. अण्णांना तंबाखूची सवय, पण नांगर धरला की तंबाखू नाही. मळायला दोन हात लागतात आणि एक हात रुमण्यावरून हलवता येत नाही. तास पुरा झाला, म्हणजे नांगरानं पाडलेली चर या बांधापासून त्या बांधापर्यंत गेली, की अण्णा वाकून तिच्यात हात घालायचे. कोपराजवळ माती लागली तर ठीक. मग चिंचेखाली बसून डब्बी काढायची. त्यांचं तंबाखू मळणं पाहिलं की आम्ही समजायचो, काम मनासारखं झालं.

लढाई संपून तात्या घरी आला तो यंत्राचं वेड घेऊन. फौजेत त्यानं बंद पडलेल्या गाड्या वाळूतून ओढून काढायचं काम केलं होतं. बैलाकडं बघून तो म्हणायचा, "दादा, ह्ये आता रिटायर." अण्णा म्हणायचे, "तू झालास न्हवं, तेवढं बास." पण तात्यानं मनावर घेतलं होतं. फलटणकडच्या एका बागाइतदाराच्या गोठ्यात एक जुनं ट्रॅक्टर पडून होतं. मागची चाकं लोखंडी, त्यांना दात्रे, पुढं उभी चिमणी, रंग कुठला होता ते कुणालाच सांगता येणार नाही. त्या माणसाला बैल हवे होते, तात्याला यंत्र. अण्णांनी चार दिवस कुणाशी बोलणं केलं नाही आणि पाचव्या दिवशी दोन जोड्या सोडून दिल्या. भावाचा शब्द त्यांनी कधी मोडलेला नाही. बैल गेले तेव्हा त्यांनी प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारली, आणि रिकाम्या दावणीकडं बघत म्हणाले, "ज्याच्या पाठीवर थाप मारता येत न्हाई, त्येला मी कवा हाकणार न्हाई. तुमचं तुमी बघा."

यंत्र आलं, पण त्याच्या मागचा नांगर नव्हता. तो मिळाला मिरजेकडं, तात्याच्या पलटणीतल्या एका दोस्ताच्या मळ्यात. दोन फाळांचा, तीन चाकांचा, दुसऱ्याच कुठल्या ट्रॅक्टरमागं ओढण्यासाठी केलेला. गावात बैलगाडीतून उतरवला तेव्हा गणू लोहार त्याच्याभोवती फिरून म्हणाला, "नवरा फलटणचा, नवरी मिरजंची. पत्रिका बघितली न्हाई जनु." सगळे हसले. पुढं तेच खरं झालं.

हे सगळं गेल्या वर्षीच्या वैशाखातलं. मी कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून सुट्टीला घरी गेलो होतो. पोहोचलो त्याच संध्याकाळी अण्णांनी मला ओसरीवर बसवलं. रागानं नाही, हिशेबीपणानंही नाही. पावसाबद्दल बोलावं तसं बोलले. "सदा, घरात आता एक जोडी हाय. रोहिण्या निघायच्या आत, पाऊस तोंडावर यायच्या आधी, यंत्रानं चिंचंचं रान उलथलं, तर जूनला तू कॉलेजात जा. न्हाई उलथलं तर लोकांचं बैल सावडीनं आणायला लागतील. सावड म्हंजे त्येंच्या रानात आपली मानसं राबायची. त्येला दोघं लागत्यात. तात्या एक, आन तू एक."

मी म्हणालो, "व्हय."

"वरीसभर शिकलास, त्येबी काय कमी न्हाई," असं म्हणून ते उठले. बोलणं एवढंच. आत आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबलेला मला ऐकू आला आणि मग पुन्हा सुरू झालेला.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस आठवले की माझं मलाच नवल वाटतं. भीती होती, तरी इतका आनंद मी पुन्हा कधी अनुभवला नाही. सकाळी तात्या यंत्राचं हँडल मारायचा. तीनदा मारलं की खोकायचं, पाचव्यांदा मारलं की चिमणीतून काळा गोळा निघायचा आणि कोंबड्या परड्यात पळायच्या. आधी पेट्रोल, तापलं की रॉकेल. रॉकेल रेशनवर, घरात एकच दिवा लावायचा आणि बाकीचं यंत्राच्या पोटात. तात्या फौजेत हवालदार होता, म्हणून गावानं त्याचं नाव ठेवलं हवालदाराचा रेडा. आईनं त्याला कुंकू लावलं आणि गेलेल्या बैलांच्या गळ्यातली एक घुंगरमाळ पुढच्या जाळीला बांधली. रेडा चालू असताना ती ऐकू येत नसे. तो बंद पडला की शेवटच्या हिसक्यानं वाजायची. त्यामुळं लांब मळ्यात बसलेल्या बायकांनाही कळायचं, हवालदाराचं यंत्र बंद पडलं.

आता त्या भोकांबद्दल. ट्रॅक्टरच्या पाठीमागं गुडघ्याच्या उंचीवर एक आडवी पट्टी होती, तिला पाच भोकं. नांगराच्या तोंडाशी एक उभी पट्टी, तिला सहा. मधे एक लोखंडी दांडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन खिळे. नांगर खोल जायचा की वरवर, सरळ की तिरका, ते सगळं या दोन खिळ्यांवर. पण हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. नांगराचा खिळा सगळ्यात खालच्या भोकात गंजून बसलेला होता. आधीच्या ट्रॅक्टरची पट्टी बुटकी असणार, त्याला ते बरोबर होतं. आमचा रेडा उंच. पण जसा आला तसा आम्ही जोडला. परक्या घरून आलेल्या वस्तूची गाठ आपण सोडू नये, असंच काहीसं सगळ्यांच्या मनात असावं.

यंत्र नीट चालतं करण्यातच दहा-बारा दिवस गेले. नांगर जोडला त्या पहिल्या दिवशी निम्मं गाव बांधावर. रेडा चालला, मागं नांगर चालला, आणि जमिनीवर दोन ओरखडे उठले. मांजरानं दारावर काढावेत तसे.

"वजन पायजे," तात्या वरून ओरडला. "चढा दोघं."

आमच्याकडं कुळव जमिनीत जात नसला की त्यावर माणूस उभा करतात. कुळव गप्प खाली बसतो. नांगरालाही तेच लावलं. दोघं चढले. मग चौघं. मग गणू लोहार चढला, तो एकटाच दोघांचा. शेवटी सात माणसं नांगरावर एकमेकांच्या खांद्याला धरून उभी, आणि नांगर तसाच वरवर, फक्त आता जास्त जोरात हिसके देत. चिंचेच्या वळणावर तिघं खाली पडले. बांधावरून कुणीतरी विचारलं, "हवालदार, नांगरट हाय का वरात?"

तात्या म्हणाला, "वरात हाय. तू आहेर आणलास का?"

मी बांधावर उभा राहून हसत होतो. हसता हसता माझं लक्ष नांगराच्या पुढच्या चाकांकडं गेलं. सात माणसं वर असूनसुद्धा ती चाकं जमिनीला धड टेकत नव्हती. रेडा नांगराचं नाक वर धरून चालला होता. वर्गात आमच्या सरांनी फळ्यावर बाण काढले होते: ओढ कुठून कुठं जाते, ओझं कुठं बसतं. तेव्हा ते बाण वहीत उतरवून घेतले होते. ते कशाचे बाण आहेत हे मनाला विचारलं नव्हतं. आता ते चिंचेखाली दिसले. पण सांगणार कसं? एका वर्षाच्या शिक्षणावर चाळीस वर्षं नांगर धरलेल्या माणसापुढं तोंड उघडायचं? दोन दिवस मी गप्प राहिलो. त्या दोन दिवसांत नांगरावर जात्याची तळी ठेवून झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गणू लोहाराकडं गेलो आणि म्हणालो, "मेस्त्री, लांब सुतळी हाय का?"

"सुतळी कशाला रं? गठुळं बांधून सांगलीला निघालास काय?"

मी त्याला चाचरत सांगितलं. तो भाता थांबवून ऐकत राहिला. मग म्हणाला, "मला काय उमगलं न्हाई. पर तू बोलताना घाम आलाय तुला, म्हंजे खरं असंल."

आम्ही नांगर एका चराच्या काठाला आणला, फाळ चरात सोडले, जसे ते जमिनीत जायला हवे तसे. सुतळीचं एक टोक ट्रॅक्टरच्या पट्टीतल्या खिळ्याला बांधलं, दुसरं मी चरात उतरून फाळांच्या मधोमध, वीतभर खाली धरलं. ताणलं. सुतळी नांगराच्या उभ्या पट्टीवरून गेली ती वरून दुसऱ्या भोकाशी. आमचा खिळा होता सहाव्यात. तात्या सुतळीपाशी उकिडवा बसला. "म्हंजे सात जण वरनं दाबत्यात, आन रेडा खालनं उचलतोय," तो म्हणाला. "सदा, गड्या, ह्ये परवाच्याला का सांगितलं न्हाईस? माजं ढुंगण सडकून निघालंय."

गंजलेला खिळा काढायला गणूला अर्धी सकाळ लागली. निघाला तो वाकडा होऊन. नवा खिळा त्यानं तिथंच घडवला आणि आम्ही तो वरून दुसऱ्या भोकात घातला. त्या दुपारी नांगर जमिनीत गेला. जाड मांजरपाट फाडावा तसा आवाज आला. ती हरळीची मुळं तुटत होती. दोन फाळांवरून दोन काळ्या लाटा उलटल्या. कुठून कोण जाणे बगळे आले. तात्या वरून फौजेतलं काहीतरी हिंदीत ओरडत होता. पन्नास पावलं झाली आणि रेडा उजवीकडं कलायला लागला.

तात्या जीव खाऊन स्टिअरिंग डावीकडं ओढायचा, रेडा उजवीकडं जायचा, नांगर तिरका चालायचा आणि दर फेरीला मधे कोऱ्या जमिनीची पट्टी सुटायची. हरळीला तेवढी पट्टी पुरते. आता माझी भीड चेपली होती. मी बाणांचा हिशेब केला आणि सगळ्यांपुढं सांगितलं, "मागच्या पट्टीतला खिळा उजव्या टोकाच्या भोकात घाला." घातला. रेडा वीस पावलं नीट गेला, मग एकदम उजवीकडं वळून नांगरलेल्या भुसभुशीत मातीत शिरला आणि दात्र्यांनी स्वतःलाच पुरून घेतलं. बंद पडला. घुंगरमाळ वाजली. बांधावरचं कुणीच हसलं नाही, ते मला जास्त लागलं. खोऱ्यांनी उकरून त्याला बाहेर काढेपर्यंत दिवस मावळला.

त्या रात्री जेवताना आई तात्याला म्हणाली, "आवं भावजी, त्या रेड्याला येसण घाला की." तात्या हसला. मी ताटातून डोकं वर काढलं नाही. रोहिण्या निघायला तीन दिवस होते.  अण्णा रोज रानात यायचे, चिंचेखाली बसायचे, बघायचे आणि जायचे. यंत्राला त्यांनी अजून बोट लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात गेलो तर अण्णा आधीच तिथं. यंत्राच्या चाकांच्या खुणांवरून ते पायाखालची वाट बघत चालावं तसे हळूहळू चालत होते. मला पाहून थांबले.

"सदा, आपल्या नांगराचा उजवा बैल कुठनं चालतोय?"

"तासातनं."

"आन डावा?"

"कोऱ्यावरनं."

"मग ह्येचं उजवं चाक कोऱ्यावर काय करतंय?"

 बैलनांगरात उजवा बैल आधीच्या फेरीच्या चरातून चालतो. त्याला सरळ जायला शिकवावं लागत नाही, तासाची कड त्याला धरून ठेवते, आणि नांगर त्याच्या मागोमाग नेमका येतो. लहानपणापासून मी हे बघत आलो. आणि माझ्या बाणांच्या हिशेबात मी यंत्र कुठून चाललंय हे धरलंच नव्हतं. तात्या दोन्ही चाकं कोऱ्या, सपाट जमिनीवर चालवायचा, म्हणजे ट्रॅक्टरचा मध्य नांगरापासून लांब डावीकडं.

तात्या आला तेव्हा अण्णांनी त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, "दादा, चाक चरात घातलं तर फौजेत चार्ज लागतोय, शिक्षा हुती."

"हितं फौज न्हाई," अण्णा म्हणाले. "हरळी हाय."

उजवं चाक तासात उतरवलं. यंत्र उजव्या अंगाला थोडं झुकलं आणि मागची पट्टी खाली आली. आता जुनं भोक चालणार नव्हतं. मी खिशातून सुतळी काढली. एक टोक मी फाळांपाशी धरलं. दुसरं धरायला तात्या पुढं होईपर्यंत अण्णांनी वाकून ते हातात घेतलं होतं आणि पट्टीतल्या खिळ्याशी टेकवलं होतं. "ताण," ते म्हणाले. मी ताणली. सुतळी वरून तिसऱ्या भोकाशी आली. मागच्या आडव्या पट्टीत खिळा मधल्या भोकाच्या शेजारी, एक भोक उजवीकडं. टोकाला नाही. माझी चूक तेवढीच होती, आणि तेवढीच पुरेशी होती.

हँडल मारलं. रेडा चालला. नांगर गेला. पंचवीस पावलं, पन्नास, शंभर. आम्ही तिघं, अण्णा, गणू आणि मी, मागून चालत होतो, ढेकळं पायाखाली उलटी पडत होती. बांधाशी पोचायच्या आधी तात्यानं वळून आमच्याकडं बघितलं. मग मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असे दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले, खिशातून बिडी काढली आणि हातांचा आडोसा करून पेटवली. रेडा तासातून सुतासारखा चाललेला. उजवं चाक आपली वाट आपणच धरून होतं.

अण्णा वाकले आणि तासात हात घातला. कोपराजवळ माती लागली.  मग चिंचेखाली जाऊन बसले आणि डब्बी काढली.

रोहिण्या निघायच्या आदल्या दिवशी रान पुरं झालं. ज्या सात जणांनी नांगरावर उभं राहून धक्के खाल्ले त्यांना आईनं पुरणपोळी केली. गणूला दोघांच्या वाटणीची. मला कुणी काही सांगितलं नाही. जेवणं उरकल्यावर अण्णा आत आईला म्हणाले, "त्येची पेटी माळ्यावरनं काढून ठेव. खालनं कीड लागली असंल तर उन्हात घाल." मी ओसरीवर होतो. हातातला तांब्या खाली ठेवायचं मला सुचलं नाही.

त्या सुट्टीतले राहिलेले दिवस मी धाकट्या बहिणीला, कुसुमला, अक्षरं शिकवण्यात घालवले. तिला शाळेत धाडायचं घरात कुणी मनावर घेतलं नव्हतं. ती काठीनं नांगरलेल्या मातीत अक्षरं काढायची, एवढी मोठी की एका "क"मध्ये ती स्वतः बसू शकेल.

तो वाकडा गंजका खिळा मी सांगलीला आणला. आता या कागदांवर तोच ठेवला आहे, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. कधीकधी वर्गात फळ्यावर बाण निघतात आणि माझ्या बोटांना सुतळीचा ताण जाणवतो. पलीकडच्या टोकाला कुणीतरी धरून आहे असं वाटतं. हे मी वर्गात कुणाला सांगत नाही. इथं लिहिलं, कारण एकदा लिहायला बसल्यावर लपवण्यात अर्थ नाही.

आता यंदाचं. पौषात तात्याला पुन्हा पलटणीचं बोलावणं आलं. डिपोत नव्या पोरांना गाडी चालवायला शिकवायचं काम. तो खुशीत गेला. पण रेडा हाकणार कोण? यंदा ओढ्याकाठचं सहा एकर उलथायचं होतं. माझी प्रात्यक्षिकं लांबून वैशाखात आली. मी अण्णांना पत्र टाकलं, मास्तर वाचून दाखवतील अशा बेतानं: "मी येऊ का? परीक्षा पुढल्या वर्षी देता येईल." पत्र टाकलं आणि टाकल्याबरोबर पश्चात्ताप झाला, आणि तरी उत्तराची वाट बघत राहिलो. अण्णा यंत्राला हात लावणार नाहीत हे मला ठाऊक. जोडी एकच. सावड काढायची तर माणसं दोन हवीत, आणि घरात ते एकटे. आठवडा गेला, दुसरा गेला. रोज पोस्टमन आला की मी जिन्याशी. तो मान हलवायचा. आटपाडीकर मित्र म्हणाला, "जा की मग. तुजं अंग हितं हाय, जीव तितं." मी पेटी बाहेर काढली, आत टाकली, पुन्हा बाहेर काढली. समोरच्या रानातला म्हातारा एकेक तास पुरा करत होता.

इतकं लिहून झालं होतं आणि आज दुपारी पत्र आलं. पोस्टकार्ड. पत्ता मास्तरांच्या अक्षरात होता, म्हणून मी ते उलटं करायला जरा घाबरलो. उलट्या बाजूला अक्षर वेगळं. मोठं, ओळी चढत गेलेल्या, काना एकीकडं आणि अक्षर एकीकडं. मातीत काढल्यासारखं. त्यातही शेवटापर्यंत जागा पुरणार नाही म्हणून पुढं पुढं बारीक होत गेलेलं. मी ते जसं आहे तसं उतरवतो. शुद्धलेखन तेवढं माझं.

"सदादादा यास कुसुमचा नमस्कार. अण्णा सांगतात ते लिहिते. तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला कारण हात मोकळा नव्हता. ओढ्याकाठचं रान उलथून झालं. यंत्र मी हाकलं. गणू लोहारानं हँडल मारायचं आणि मी वर बसायचं. उजवं चाक तासात ठेवतो. खिळा वरून तिसऱ्या भोकातच हाय, हलवला न्हाई. तासात हात घातला, कोपर बुडतंय. तू येऊ नकोस. परीक्षा दे. मग ये.

आता अण्णा उठून गेले, पुढचं माझ्या मनानं लिहिते. अण्णा यंत्र थांबवताना बैलाला म्हणावं तसं हो हो म्हणतात आणि उतरल्यावर टाकीवर थाप मारतात. काल आई भाकरी घेऊन गेली तर यंत्र चालू होतं आणि अण्णा वर बसून तंबाखू मळत होते. दोन्ही हातांनी."